चारा नाकतोड्यांच्या तोंडी का द्यायचा?
शेळ्या-गाई पाळणाऱ्यांसाठी थोडक्या खर्चाचे उपाय

शिर्डी म्हटले की हॉटेले, हारफुलांची दुकाने आणि गाड्यांची वर्दळ डोळ्यांसमोर येते. परंतु शिर्डीच्या चहूबाजूंनी राहाता, बाभळेश्वर, लोणी, कोपरगाव, संगमनेर असा जो पट्टा पसरला आहे, तो मुळात जनावरांचा पट्टा आहे. संगमनेरी शेळी ही नामांकित जात याच भागातली. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची रोजी या जनावरांशी बांधलेली आहे. कोणी दोन गाई ठेवून हॉटेलांना दूध घालतो, कोणी बोकडांची खरेदी-विक्री करतो, कोणाचे मटणाचे दुकान आहे, कोणी कडब्याचा व्यापार करतो, तर कोणाच्या घरातील महिला पाच-सात शेळ्यांवर मुलांच्या शाळेचा खर्च काढतात. धंदे वेगवेगळे दिसले तरी या सर्वांचे मूळ भांडवल एकच आहे आणि ते म्हणजे चारा.

या भांडवलाला दरवर्षी एक चोर लागतो. त्याचे नाव नाकतोडा. तो गवताच्याच रंगाचा असतो, आवाज करीत नाही आणि रोज थोडे थोडे खातो, म्हणून चोरी लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा पोळा होऊन गेलेला असतो, गवताच्या नुसत्या काड्या उभ्या असतात आणि मग माणूस दुकानात धावतो. विषाची बाटली घेतो, चाऱ्यावर मारतो आणि खर्चाबरोबर एक नवा धोका घरी आणतो. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की, नाकतोड्याचा बंदोबस्त पैशाने होत नाही, वेळेवर होतो. मे-जूनमध्ये जे काम कुदळीने आणि खुरप्याने जवळजवळ फुकट होते, ते सप्टेंबरमध्ये पैसे ओतूनही होत नाही.

नुकसान किती? एक साधा हिशेब

समजा आपल्याकडे एक एकर गवताचे रान आहे. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरमध्ये दहा नाकतोडे धरले तर एकरात चाळीस हजार झाले. पूर्ण वाढलेला नाकतोडा रोज खाऊन आणि कुरतडून टाकून अर्धा ग्रॅम हिरवे गवत वाया घालवतो असे धरू. चाळीस हजार नाकतोड्यांचे रोजचे वीस किलो होतात. ३० किलो वजनाच्या शेळीला दिवसाला चार-पाच किलो हिरवा चारा लागतो. म्हणजे आपल्या रानात चार-पाच शेळ्या दुसऱ्याच्या चरत आहेत आणि त्या कोणाला दिसत नाहीत.

दीड महिन्यात हे नऊशे किलो हिरवे गवत होते. ते वाळवून ठेवले असते तर सुमारे अडीचशे किलो वाळला चारा गंजीत पडला असता. दिवसाला एक किलो धरला तर तो पाच शेळ्यांना पन्नास दिवस पुरला असता.

हे पन्नास दिवस महत्त्वाचे आहेत. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला आली, २०२५ मध्ये ७ जूनला. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढील काही वर्षे ईदेसाठी तयार करायचे बोकड भर उन्हाळ्यात, चारा सर्वांत महाग असताना खाऊ घालावे लागणार आहेत. त्या वेळी ज्याच्या गंजीत स्वतःचा चारा आहे तो ईदेपर्यंत थांबू शकतो आणि चार पैसे राखून विकतो. ज्याची गंज रिकामी आहे तो उधारीवर कडबा घेतो किंवा जनावर वजन धरण्याआधीच बाजारात उभे करतो. भाद्रपदात नाकतोड्याने खाल्लेले गवत ईदेच्या बाजारात आपल्या खिशातून वजा होते.

नाकतोडा वेगळा, टोळधाड वेगळी

काही लोक नाकतोड्यांची संख्या वाढली की टोळधाड आली असे म्हणतात. दोन्ही एकाच कुळातील असले तरी प्रकार वेगळा आहे. वाळवंटी टोळ हजारो मैल उडत थव्याने येतो. मे २०२० मध्ये असे थवे राजस्थान, मध्य प्रदेशमार्गे विदर्भात आले. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी थाळ्या वाजवून आणि धूर करून त्यांना पिटाळले. अशा थव्याचा बंदोबस्त हे सरकारचे काम आहे. त्यासाठी केंद्राची टोळ नियंत्रण यंत्रणा जोधपूरहून काम करते.

आपला नाकतोडा मात्र कुठून येत नाही. तो आपल्याच बांधात जन्मतो आणि तिथेच अंडी घालून मरतो. म्हणून त्याचा बंदोबस्तही आपल्याच हातात आहे.

त्याचे वर्ष ओळखा

गवत, ज्वारी, मका, ऊस खाणाऱ्या नाकतोड्याची वर्षाला साधारण एकच पिढी होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादी बांधाच्या, पाटाच्या कडेच्या आणि पडीक जागेच्या मातीत दोन-तीन बोटे खोल अंडी घालते. एका पुंजक्यात तीस-चाळीस अंडी असतात. ही अंडी हिवाळा आणि पूर्ण उन्हाळा मातीत पडून राहतात. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली की पिल्ले बाहेर येतात. पिल्लांना पंख नसतात. ती नुसत्या उड्या मारतात आणि सुरुवातीला बांधाच्या आसपासच राहतात. दोन-अडीच महिन्यांत कात टाकत टाकत ती मोठी होतात, पंख फुटतात आणि मग रानभर पसरतात.

यावरून हल्ल्याच्या तीन वेळा दिसतात. उन्हाळ्यात अंडी एका जागी पडून असतात. जून-जुलैमध्ये पिल्ले उडू शकत नाहीत. ऑगस्टनंतर मात्र शत्रूला पंख असतात. आपल्यापैकी बहुतेक जण या तिसऱ्या वेळीच जागे होतात.

पहिले काम : मे महिन्यात बांध तासा

उन्हाळ्यात बांधाची आणि पाटाच्या कडेची वरची चार बोटे माती कुदळीने किंवा फावड्याने उलटवा. अंड्यांचे पुंजके उघडे पडतात. उन्हाने ते सुकतात आणि साळुंक्या, कोंबड्या, मुंग्या उरलेले संपवतात. शंभर पुंजके उलटले तर तीन हजारांहून अधिक नाकतोडे जन्मण्याआधीच संपले. विषाची कोणतीही बाटली इतक्या स्वस्तात हे काम करीत नाही. जिथे ज्वारी-मक्याचा चारा घेता, त्या जमिनीची उन्हाळी नांगरट केल्यासही हाच फायदा होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बांधाच्या बिळांत साप-विंचू असतात, तेव्हा उघड्या हाताने माती उकरू नका. आणि बांध पूर्ण फोडू नका, पावसात माती वाहून जाईल. माती उलटवून परत बसवा.

एकट्याने आपला बांध तासला आणि शेजाऱ्याचा तसाच राहिला तर फायदा अर्धाच होतो. वस्तीवरच्या सर्व घरांनी एक दिवस ठरवून हे काम उरकावे. गायरानाच्या कडा ग्रामपंचायतीला सांगून त्याच दिवसांत घ्याव्यात.

दुसरे काम : जून-जुलैमध्ये पिल्ले उचला

पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांनी सकाळी लवकर बांधावरून फेरी मारा. पायापुढे बारीक हिरवी-पिवळट पिल्ले उडताना दिसली की काम सुरू करा. थंड हवेत आणि दवात ती सुस्त असतात, म्हणून हे काम ऊन चढण्याआधी करावे.

मच्छरदाणीच्या कापडाची खोल पिशवी शिवून ती तारेच्या कड्यावर बसवा आणि लांब दांडी लावा. गवताच्या शेंड्यांवरून ही जाळी डावीकडून उजवीकडे झाडूसारखी फिरवत चालले की पिल्ले पिशवीत पडतात. ती साबणाच्या पाण्यात बुडवावीत.

दुसरी युक्ती पत्र्याच्या पराताची आहे. दीड शतकापूर्वी अमेरिकेतील शेतकरी लोखंडी पत्र्यावर डांबर फासून तो पत्रा शेतातून ओढीत असत. उडी मारलेले टोळ त्यावर चिकटत. आपल्याला डांबराची गरज नाही. उथळ लांबट परात, मागे उभा पत्रा, परातीत साबणाचे पाणी आणि दोन बाजूंना दोरी इतके पुरेसे आहे. दोन माणसांनी बांधालगत ओढत नेली की उडी मारणारी पिल्ले मागच्या पत्र्यावर आपटून पाण्यात पडतात.

कोंबड्या आणि पाखरे : बिनपगारी नोकर

गावठी कोंबडीला नाकतोडा म्हणजे मेजवानी. सकाळी वीस-पंचवीस कोंबड्या बांधालगतच्या गवतात सोडल्या तर त्या दिवसभर वेचतात, आणि अंड्याच्या रूपाने मोबदला वर देतात. चीनच्या शिनजियांग भागात २००० सालाच्या सुमारास टोळांवर कोंबड्या-बदकांची फौज सोडली होती. आपल्या भागात गायबगळा, साळुंकी आणि कोतवाल हे पक्षी हेच काम करतात. उंच गवतात त्यांना बसायला जागा नसते, म्हणून पाच-सहा फूट उंचीच्या काठ्यांना आडवी काडी बांधून ठिकठिकाणी पक्षीथांबे रोवावेत. मात्र जिथे विष मारले आहे तिथे कोंबड्या सोडू नका.

निंबोळी : झाडाखाली पडलेला पैसा

१९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली, तेव्हा आजूबाजूची हिरवळ फस्त झाली, पण कडुनिंबाची झाडे जशीच्या तशी राहिली. हे पाहून हाइनरिख श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने कडुनिंबावर अभ्यास सुरू केला. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील डॉ. एस. प्रधान यांनी पिकांवर निंबोळीचे पाणी फवारले, तेव्हा टोळांनी त्या पिकाला तोंड लावले नाही. ज्या झाडाची सावली आपण रोज वापरतो त्याचीच ही ताकद आहे.

जून-जुलैमध्ये पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवून पोत्यात ठेवाव्यात. कृती सोपी आहे. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्या भरडून घ्या. फडक्यात पुरचुंडी बांधून ती १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी चांगली पिळून पाणी गाळा. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवा आणि एकूण पाणी १०० लिटर करा. हा ५ टक्के निंबोळी अर्क झाला. तो त्याच दिवशी, शक्यतो संध्याकाळी फवारावा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. एकराला साधारण २०० लिटर लागतात. सर्व रान भिजवण्याऐवजी बांधालगतचे दहा-पंधरा फुटांचे पट्टे फवारले तरी पिल्ले तिथेच अडतात आणि खर्च वाचतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. निंबोळी विषासारखी झटक्यात मारत नाही. कीड खाणे सोडते आणि पिल्लांची कात नीट पडत नाही, म्हणून ती हळूहळू मरतात. पंख फुटलेल्या नाकतोड्यावर तिचा परिणाम कमी होतो. तेव्हा ती जून-जुलैचे औषध आहे, सप्टेंबरचे नव्हे. फवारलेले गवत कडू लागते, शेळ्या तोंड लावत नाहीत. चार-पाच दिवस दुसऱ्या बाजूला चारावे.

चाऱ्याच्या इतर किडी

मका : अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ती मक्याच्या पोंग्यात बसून खाते. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक विष मारू नये असाच तज्ज्ञांचा सल्ला आहे. पीक लहान असताना पानांवरची अंड्यांची केसाळ पुंजके हाताने चिरडावीत, पोंग्यात नऊ भाग कोरडी वाळू आणि एक भाग चुना असे मिश्रण चिमूटभर टाकावे, निंबोळी अर्क पोंग्यात जाईल असा फवारावा. प्रादुर्भाव वाढला तर मका आधीच कापून जनावरांना घालावा.

लसूण घास : थंडीत मावा येतो. फवारणीपेक्षा कापणी बरी. घास कापून नेला की माव्याचे घरच उठते. लाल-काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात. ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी घासात हिंगे नावाचे भुंगेरे नाहीत ना हे जरूर पाहावे. त्यांच्या अंगातील विष घोड्याला घातक असते.

ऊस आणि गवताची मुळे : वळवाचा पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर येतात. रात्री फांद्या हलवून ते खाली पाडा आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एका भुंगेऱ्याचा बंदोबस्त म्हणजे मातीतल्या अनेक अळ्यांचा बंदोबस्त. उसाचे वाढे हा या भागातला मोठा चारा असल्याने हुमणीचे नुकसान शेतकऱ्याबरोबर जनावरवाल्यालाही बसते.

ज्वारी : नाकतोड्यांनी शेंडे खाल्लेली किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी कोवळे फुटवे टाकते. त्या फुटव्यांत विषारी आम्ल असते. ते खाऊन जनावराला किराळ लागते आणि काही वेळातच ते दगावू शकते. फुलोऱ्याआधीची, खुरटलेली ज्वारी जनावरांना चारू नका. किराळ लागल्याची शंका आली तर घरगुती उपाय करीत न बसता ताबडतोब जनावरांचा डॉक्टर बोलवा.

याशिवाय बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावून ठेवावी. गवतावर जगणारा नाकतोडा त्यांच्या वाटेला फारसा जात नाही. गवत गेले तरी शेळीला पाला उरतो.

विष का नको?

जुन्या लोकांना बीएचसी पावडर आठवत असेल. नाकतोड्यांवर ती सर्रास धुरळली जाई. ती चरबीत साठते, दुधात उतरते, म्हणून १९९७ मध्ये देशात तिच्यावर बंदी आली. एन्डोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. फोरेट आणि डायक्लोरव्हॉस २०२० च्या अखेरीस बंद झाले. काल ज्याला औषध म्हटले ते आज विष ठरले. या काळात जे दूध आणि मटण विकले गेले, ते लोकांच्या पोटात गेलेच.

एखाद्या वर्षी फवारणी टाळता येत नसेल, तर कृषी अधिकाऱ्याला विचारूनच औषध घ्या. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर किती दिवस चारा कापायचा नाही ते लेबलवर लिहिलेले असते, तितके दिवस जनावर त्या रानात जाऊ देऊ नका. बिल घ्या. बिलाशिवाय मिळणाऱ्या खुल्या बाटलीत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कडबा किंवा मक्याचा चारा विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. यावर काय मारले होते? आणि शेवटचे कधी मारले होते? दूध आणि मटण विकणाऱ्याची पत गिऱ्हाइकाच्या विश्वासावर उभी असते. ती एकदा गेली की कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

कारागिरांसाठी काम

या उपायांत आपल्या कारागीर बांधवांनाही रोजगार आहे. शिलाईकाम करणारा मच्छरदाणीच्या कापडाच्या जाळ्या शिवू शकतो. पत्र्याचे काम करणारा ओढायच्या पराती आणि हुमणीसाठी प्रकाश सापळे बनवू शकतो. वर दिवा आणि खाली पाण्याची परात इतकाच तो सापळा असतो. निंबोळ्या वेचून, वाळवून, भरडून किलोच्या पिशव्यांत विकणे हा महिलांचा जोडधंदा होऊ शकतो. मात्र मालावर वजन आणि वाळवल्याचा महिना लिहावा. बुरशी लागलेली जुनी निंबोळी विकून एका हंगामाचा फायदा होईल, दुसऱ्या हंगामात गिऱ्हाईक येणार नाही.

अधिक माहितीसाठी लांब जायला नको. राहाता तालुक्यातच बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि जिल्ह्यात राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. संगमनेरी शेळीवरचे संशोधनही तेथेच चालते. तेथील तज्ज्ञांना विचारायला संकोच करू नये. जाताना खराब झालेल्या चाऱ्याची जुडी आणि बाटलीत पकडलेली कीड सोबत न्यावी, म्हणजे नेमका सल्ला मिळतो.

शेवटी इतकेच. चाऱ्याची राखण मे महिन्यात बांधावर सुरू होते. या उन्हाळ्यात एक दिवस कुदळ उचला, पावसाळ्यात पंधरा सकाळी जाळी फिरवा आणि निंबोळीचे एक पोते घरात ठेवा. मग भाद्रपदात गवत कोण खात आहे ते पाहायला धावावे लागणार नाही, आणि ईदेच्या बाजारात आपले जनावर आपल्या भावाने विकता येईल.